ट्रेलरवर फियाट, निपाणी ते उद्यमबाग: हुकावर किती वजन पडतंय ते आधी बघा

हे प्रकरण आमच्या दाजींचं. त्यांच्या आप्पांची फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, निपाणीत जुन्या तंबाखूच्या वखारीत कैक वर्षं उभी होती, ती बेळगावला उद्यमबागेत एका वर्कशॉपला आणून परत चालती करायची असं ठरलं. इंजिन जाम, ब्रेक गेलेले, त्यामुळं चालवत आणायचा प्रश्नच नव्हता. दोर लावून ओढायचं कुणीतरी सुचवलं, पण ब्रेक नसलेली गाडी पाच मीटरच्या दोरावर तवंदी घाटातनं आणि हायवेवरनं आणायची हे कुणाच्याच मनाला पटलं नाही. मग ट्रेलर. दाजी गाडी झकास चालवतात, गोव्याला चोर्ल्यानं रात्री-बेरात्री जाणारा माणूस, पण मागं ट्रेलर लावून त्यावर गाडी घालून ओढायची ही त्यांची पहिलीच खेप. मी मागनं माझ्या वॅगनारमधनं येत होतो त्यामुळं जे झालं ते सगळं समोर बघितलं, आणि आमच्या भागात आता जुन्या फियाटी, जीपा, जिप्स्या नीट करायचा नाद बऱ्याच जणांना लागलाय म्हणून सविस्तर लिहितोय.

थोडक्यात सांगायचं तर घाट चढून गेल्यावर कणगल्याच्या पुढं, संकेश्वरच्या दिशेनं उतार लागला आणि ट्रेलर डोलायला लागला. जोरात. कुणाला काही झालं नाही, गाडीला ओरखडासुद्धा आला नाही. पण त्याचं कारण रस्त्यावर नव्हतंच, ते वखारीच्या बोळात गाडी चढवतानाच पक्कं झालेलं होतं, आणि तेच नीट समजून घ्यायचंय.

आधी सामान काय होतं ते

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी, पुढं बसवलेलं, ताकद मागच्या चाकांना, रिकाम्या गाडीचं वजन ९०० किलोच्या जरा आत. ट्रेलर कोल्हापूरच्या एका ओळखीच्या माणसाचा, तो त्यावर आपली जीप नेतो. दोन एक्सल, चार चाकं, आरसीवर रिकामं वजन ६०० किलो. एमएच ०९ चा स्वतःचा नंबर, स्वतःची आरसी, स्वतःचा इन्शुरन्स. हे मुद्दाम सांगतोय कारण लई जणांना वाटतं की ओढणाऱ्या गाडीचे कागद असले की झालं, तसं नसतं, ट्रेलर हे कायद्यानं वेगळं वाहन आहे आणि आपल्याकडं तर ओढणारी स्कॉर्पिओ केए २२, म्हणजे बेळगावची, आणि ट्रेलर एमएच ०९, म्हणजे कोल्हापूरचा, अशी जोडी दिसली की हात दाखवून थांबवणारच, तेव्हा दोन्हीचे कागद वरच्या वर ठेवायचे.

म्हणजे ट्रेलर अधिक फियाट मिळून दीड टनाच्या आसपास. ओढायला दाजींची स्कॉर्पिओ, लॅडर चासीची, म्हणजे खाली ट्रकसारखी पोलादी चौकट असलेली, स्वतः पावणेदोन टनाच्या आसपास. ओढणारी गाडी ओढल्या जाणाऱ्या वजनापेक्षा जड असलेली बरी, आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये टोइंगचा जो आकडा दिलेला असतो तो बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही, हे दाजींनी आधीच करून घेतलेलं.

हुक उद्यमबागेत फॅब्रिकेशनवाल्याकडं बनवून घेतला. तिथल्या मिस्त्रीनं काम चांगलं केलं, बंपरला वेल्डिंग न मारता दोन्ही बाजूच्या चासीच्या पट्ट्यांना प्लेटा घालून बोल्टनं आवळला. बॉल ५० एमएमचा. ट्रेलरच्या दांड्याच्या तोंडावर, म्हणजे कपलरवर, मापाचा आकडा ठोकलेला असतो, तो ग्रीस पुसून बोटानं चाचपून वाचायचा, कारण बाजारात त्याहून दोन-अडीच एमएम लहान बॉल पण मिळतो, तो डोळ्याला सारखाच दिसतो, कपलर त्यावर बसल्यासारखा वाटतो, लॅच पण पडतं, आणि खड्ड्यात आदळलं की वर उचलून बाहेर येतो. लॅच लावल्यावर ट्रेलरच्या पुढच्या जॅकचं हँडल फिरवून दांडा वर उचलायचा, स्कॉर्पिओची मागची बाजू त्याच्याबरोबर उचलली गेली पाहिजे, बॉल निसटता कामा नये. एवढं केलं की खात्री. सेफ्टी चेन दोन, दांड्याच्या खालनं एकमेकीला फुली मारून, म्हणजे कपलर निसटलाच तर दांडा रस्त्यावर न पडता चेनांच्या झोळीत पडतो. आणि एक बारीक वायर रोप असतो, ट्रेलर सुटला तर तो ओढला जाऊन ट्रेलरचा ब्रेक लागतो, तो चासीला अडकवायचा, बॉलला नाही.

ब्रेकचं एक सांगायला पाहिजे. ह्या ट्रेलरला ओव्हररन ब्रेक होता. म्हणजे पुढची गाडी मंदावली की ट्रेलर पुढं ढकलतो, त्या ढकलण्यानं दांड्यातला दट्ट्या आत जातो आणि ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक लागतात. वायर नाही, कंट्रोलर नाही, साधं काम. दीड टन मागं असताना ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर मी म्हणेन घाटात जाऊच नका.

लाईटचं थोडक्यात. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणायला लागले, कारण अर्थची वायर गंजलेली. घासून परत आवळली, झालं.

वखारीच्या बोळात

कोल्हापूरहून निपाणीपर्यंत चाळीसेक किलोमीटर रिकामा ट्रेलर दाजींनी आणला, कोगनोळी टोलवरनं, काही त्रास नाही. रिकामा ट्रेलर उड्या मारतो, आवाज करतो, पण गाडीला ओढत नाही की ढकलत नाही, त्यामुळं माणसाला वाटतं की जमलं. त्या प्रवासावरनं भरलेल्या ट्रेलरचा काहीच अंदाज येत नाही.

मागं घ्यायचं शिकवलं ते तिथल्या एका ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवाल्या मामांनी. आमच्याकडं हंगामात ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या लावून कारखान्याच्या यार्डात घालणारी माणसं आहेत, त्यांच्याइतकं हे कुणाला येत नाही. मामा म्हणाले, “साहेब, हात स्टिअरिंगच्या वर ठेवू नका, खाली धरा. ट्रेलरची शेपूट जिकडं जायला पायजे तिकडं हात न्या. आन् लई फिरवू नका, वाईच फिरवायचं आन् थांबून बघायचं.” वखारीसमोरच्या मोकळ्या जागेत दाजींनी अर्धा तास तेवढंच केलं. दांडा आणि गाडी यांच्यात कोन वाढत चालला की मागं घेत राहायचं नाही, पुढं जाऊन सरळ करून परत यायचं, नाहीतर ट्रेलर वळून गाडीच्या मागच्या बाजूच्या पत्र्याला लागतो. चार चाकी ट्रेलर वळताना टायर घासतात, कुरकुर आवाज येतो, त्यानं घाबरायचं नाही. ट्रेलर लांब असला की मागं घ्यायला उलट सोपा पडतो, आखूड असला की लगेच वाकडा होतो, हेही मामांनीच सांगितलं. मग मामा गेले कामाला.

फियाट वखारीत भिंतीकडं तोंड करून उभी. बाहेर काढायची तर शेपटीकडनं. बोळ एवढा अरुंद की गाडी वळवायला जागाच नाही, ट्रेलर बोळाच्या तोंडाशी लावलेला, त्यामुळं बाहेर आली तशीच, शेपटी पुढं करून, हँड विंचनं ओढून ट्रेलरवर चढवली. म्हणजे डिकी स्कॉर्पिओकडं आणि बॉनेट ट्रेलरच्या मागच्या टोकाला. चढवताना ट्रेलर स्कॉर्पिओला जोडलेलाच ठेवला आणि मागच्या कोपऱ्यांखाली टेकू लावले, हे बरोबरच, नाहीतर गाडीचं वजन रॅम्पवर आलं की ट्रेलरचं मागचं टोक खाली बसतं आणि दांडा वर उठतो.

बांधणी पण नीट. मागच्या एक्सलला दोन रॅचेट पट्टे, पुढच्या चाकांवरनं टायरला धरून दोन. टायरवरनं बांधलं की गाडीचं सस्पेन्शन हललं तरी पट्टा ढिला होत नाही. गंजलेल्या जुन्या टो हुकवर कुणी भरवसा ठेवला नाही. जिथं पट्टा पत्र्याच्या धारेला लागत होता तिथं गोणपाटाची घडी घातली. पट्ट्याला एक अर्धा पीळ दिला की वाऱ्यात तो फडफडत नाही, ही माहिती ट्रेलरमालकाची.

सगळं झाल्यावर दाजी चार पावलं मागं गेले, बघितलं आणि खूश झाले. म्हणाले, “बघ, स्कॉर्पिओ मागनं जरासुद्धा दबली नाही. वजन हायसं वाटतच नाही.”

आता पुढं जे झालं त्याची खूण हीच होती. तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना ती चांगली बातमी वाटली, कारण आपल्याला सवय अशी की गाडी मागनं दबली म्हणजे ओव्हरलोड. ट्रेलरच्या बाबतीत मात्र मागची बाजू थोडी दबलीच पाहिजे.

उतारावर

तवंदी घाट चढताना काही नाही. दुसरा, तिसरा गिअर, टेम्परेचरच्या काट्यावर नजर, डाव्या लेनमधनं सावकाश. वर थांबून पट्टे तपासले, दोन पट्टे एक-एक दात घेतले. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून पट्टे परत आवळायचेच, गाडी आपली जागा धरते आणि पट्टे सैल पडतात.

पुढं कणगला मागं पडलं, रस्ता मोकळा, हलका उतार, वेग ६५ च्या आसपास. उजवीकडनं एक कंटेनर गेला. मोठी गाडी शेजारनं जाताना हवा आधी ढकलते आणि मग ओढते, आणि त्यानंच सुरुवात झाली. मला मागनं दिसलं की फियाटचं बॉनेट एकदा डावीकडं गेलं, मग उजवीकडं, मग परत डावीकडं आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त. तिसऱ्या-चौथ्या झोक्याला ट्रेलरची चाकं लेनच्या पांढऱ्या पट्टीवर गेलेली आणि स्कॉर्पिओची मागची बाजू पण त्याच्याबरोबर ओढली जाताना दिसत होती. मी हॅझर्ड लावून मागच्या गाड्या थोपवायला लागलो.

दाजींनी जे केलं ते बरोबर केलं. ॲक्सिलरेटरवरनं पाय काढला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलं आणि ब्रेकला पाय लावला नाही. बस्स. वेग ५० च्या खाली येईपर्यंत झोके मोठेच होते, मग लहान होत होत ४० ला थांबले. आदल्या रात्री ट्रेलरमालकानं फोनवर त्यांना हे तीनदा बजावलं होतं. झोका येतोय म्हणून स्टिअरिंग उलटं फिरवायला गेलात तर तुमचं फिरवणं आणि ट्रेलरचा झोका एकमेकांत मिसळतात आणि झोका वाढतो, आणि पुढच्या गाडीचा ब्रेक दाबलात तर पुढची गाडी थांबतेय आणि मागनं तिरका झालेला दीड टन ढकलतोय अशी गत होते, त्यातनं ट्रेलर वळून गाडीला येऊन भिडतो. काही ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतात, त्यात फक्त ट्रेलरचा ब्रेक हातानं लावता येतो, तो लावला तर ट्रेलर मागनं ताणला जाऊन सरळ होतो. ओव्हररनमध्ये ती सोय नाही.

कारण शोधताना

कडेला घेऊन उभं राहिल्यावर पहिली शंका टायरची. हवा मोजली, ट्रेलरच्या टायरच्या कडेला जास्तीत जास्त जो आकडा छापलेला होता त्याच्या जवळपास होती. चाकाचे नट घट्ट. हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या बेअरिंगच्या भागाला, हात लावून बघितलं, एक हब बाकीच्यांपेक्षा गरम होता पण हात ठेवता येत होता. कपलर बसलेला, बॉलमध्ये खेळ नाही. पट्टे ताठ, फियाट इंचभरसुद्धा सरकलेली नाही. म्हणजे काहीच मोडलेलं, सुटलेलं नव्हतं, आणि दाजी जास्त काळजीत पडले ते त्यामुळंच.

ट्रेलरमालकाला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून एकच विचारलं, “गाडी कुठल्या तोंडानं चढवलीय?”

ट्रेलर म्हणजे तागडीसारखा असतो, एक्सल हा मधला टेकू. टेकूच्या पुढं जास्त वजन असेल तर दांडा हुकावर दाबून बसतो, मागं जास्त असेल तर दांडा हुकाला वर उचलायला बघतो. एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के वजन हुकावर पडलं पाहिजे. दीड टनाला म्हणजे दीडशे किलो किंवा जरा जास्त. त्याच्यापेक्षा लई कमी झालं की ट्रेलरचं मागचं टोक जड होतं, आणि मागचं टोक जड असलेला ट्रेलर एका ठरावीक वेगापर्यंत गप असतो, म्हणजे हलला तरी आपोआप शांत होतो, त्या वेगाच्या वर मात्र एकदा हलला की प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. हुकावरचं वजन जेवढं कमी तेवढा तो धोक्याचा वेग खाली येतो. म्हणूनच घाट चढताना काही कळलं नाही, कारण वेगच नव्हता, आणि उतारावर कळलं, कारण वेग पण होता आणि उतारावर ट्रेलर मागनं ढकलत पण असतो. कंटेनर हे फक्त निमित्त. तो नसता आला तर खड्ड्यानं किंवा लेन बदलताना झालं असतं.

आणि फियाटचं सगळं जड सामान पुढं, बॉनेटखाली. ती उलटी चढवली म्हणजे इंजिन गेलं एक्सलच्या मागं.

तिथनं ३० च्या वेगानं, हॅझर्ड लावून, कडेकडेनं संकेश्वरला आलो. गावाच्या तोंडाशी एका मिरचीच्या व्यापाऱ्याचं गोडाऊन, समोर मोठं फरशीचं अंगण आणि दारात पोती मोजायचा प्लॅटफॉर्म काटा. संकेश्वरी मिरचीचा ढीग पडलेला, सगळ्यांना ठसका लागत होता. व्यापारी भला माणूस, काय झालंय ते ऐकून स्वतःच म्हणाला, काटा घ्या की.

आता मोजायचं कसं ते नीट सांगतो, कारण ह्याला फार काही लागत नाही. सपाट जागा, ट्रेलरच्या चाकांना पुढनं-मागनं ठोकळे. ट्रेलर स्कॉर्पिओपासून सोडायचा आणि दांड्याच्या पुढच्या जॅकचा पाय काट्यावर ठेवायचा. दांड्याची उंची हुकावर असताना जेवढी असते तेवढीच पाहिजे, ट्रेलर जमिनीला समांतर, कारण नाक वर उचललेलं असेल तर वजन मागं जातं आणि आकडा चुकतो. काट्यावर आलं ४५ किलो. जिथं दीडशे पाहिजे तिथं ४५, म्हणजे एकूण वजनाच्या ३ टक्के. दाजी काट्याकडं बघतच राहिले.

ज्यांच्याकडं असला काटा नाही त्यांनी घरातला माणसं मोजायचा काटा वापरावा. एक मजबूत फळी घ्यायची, तिचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, दोन्ही टेकूंमध्ये बरोबर ३ फूट अंतर. जॅकचा पाय विटेपासून १ फुटावर फळीवर ठेवायचा. जॅक ठेवायच्या आधी नुसत्या फळीनं जो आकडा दाखवलाय तो वजा करायचा आणि उरलेल्याला ३ नं गुणायचं. शंभर-दीडशे किलोचा काटा पण मग पुरतो.

परत चढवली

गाडी उतरवायची होती ती विंचवरच, हळूहळू सोडत, ब्रेक नसलेली गाडी रॅम्पवर मोकळी सोडायची म्हणजे कुणाचा तरी पाय जाणार. ट्रेलर आधी परत स्कॉर्पिओला जोडला, मागं टेकू लावले. खाली आल्यावर गोडाऊनमधली हमाल पोरं आणि आम्ही मिळून अंगणात ढकलत ढकलत फियाट फिरवली, आत एक जण स्टिअरिंगला, दोघं दगड घेऊन चाकांशेजारनं चालत. मग बॉनेट पुढं करून वर घेतली. दाजी विंचच्या हँडलला, पोरं बाजूनं सांगतायत, “स्वल्प मुंद, इन्न स्वल्प मुंद… साकु, साकु!” म्हणजे कानडीत, जरा पुढं, अजून जरा पुढं, बास, बास!

पहिल्यांदा मोजलं तर १३५. चांगलंच, पण कमी. गाडी आणखी थोडी पुढं घेतली, वीतभर पण नाही, आणि आकडा १६० वर गेला. इथं सगळ्यांना जे बघायला मिळालं ते डोळ्यांत भरणारं होतं. हुकापासून दोन एक्सलच्या मध्यापर्यंत ह्या ट्रेलरवर साधारण ३.२ मीटर अंतर. फियाट १० सेंटीमीटर पुढं सरकली की हुकावर २८ किलो वाढतात. नऊशे किलोच्या गाडीला १० सेंटीमीटर म्हणजे काय, चार बोटं जास्त ओढलं की झालं, पण त्याच्यावर ट्रेलर सरळ चालणार का डोलणार हे ठरतं. म्हणून “अंदाजे मध्ये उभी केली” हे चालत नाही.

आणि जास्त पण नको. दोनशे-अडीचशे किलो हुकावर आले असते तर स्कॉर्पिओची मागची बाजू फार बसली असती, पुढची चाकं हलकी झाली असती, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही कमजोर, आणि रात्री हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यांत. १६० ला स्कॉर्पिओ मागनं दोन-तीन बोटं दबली. मागच्या टायरात हवा भरली, मॅन्युअलमध्ये फुल लोडला जो आकडा आहे तेवढी. मग दाजींनी व्यापाऱ्याकडनं ऑइल पेंटचा डबा मागून ट्रेलरच्या पाळीवर पुढच्या चाकाच्या ठिकाणी लाल रेघ मारली. चहा झाला, काट्याचे पैसे घेतले नाहीत त्यानं.

पुढचा रस्ता

संकेश्वर सोडल्यावर दाजींनी एकदम वेग घेतला नाही. मोकळा रस्ता बघून ४० ला स्टिअरिंग जरासं, अगदी बोटभर, डावी-उजवीकडं हलवून बघितलं, ट्रेलर एकदा हलला आणि लगेच सरळ. मग ५० ला तसंच. ६० ला तसंच. एक बस जोरात शेजारनं गेली, ट्रेलर जरा हलल्यासारखा झाला आणि गप. तरी ६० च्या वर नेलं नाही आणि ते मला बरोबर वाटतं, कारण वजन नीट असलं तरी थांबायला लागणारं अंतर वाढलेलंच असतं. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट तरी जागा ठेवत होते, मध्ये कोण घुसला तर परत मागं व्हायचं, चिडायचं नाही.

हत्तरगी टोलला कडेची रुंद लेन. वळताना पुढं जास्त जाऊन मग वळायचं, ट्रेलर नेहमी आतल्या बाजूनं कापतो, टोलचा कठडा असो की गावातला डिव्हायडर. वंटमुरीच्या उतारांवर गिअर आधीच कमी केला, उतार लागल्यावर नाही, आणि ब्रेक धरून न ठेवता दाबायचा-सोडायचा. ओव्हररन ब्रेक लांब उतारावर सतत लागत राहतो कारण ट्रेलर सतत ढकलत असतो, त्यामुळं खाली आल्यावर थांबून हबांना हात लावून बघितलाच. तो एक हब आता चांगलाच गरम, हात ठेवला की लगेच काढावा लागत होता. काकतीजवळ अर्धा तास थांबलो, निवल्यावर निघालो.

बेळगावात दुपारची गर्दी टाळून संध्याकाळच्या आधीच तिसऱ्या गेटाकडनं उद्यमबागेत शिरलो. वर्कशॉपचं गेट रस्त्याला काटकोनात, मागं घ्यायलाच पाहिजे होतं. दाजींनी हात स्टिअरिंगच्या खाली धरला, मी मागं उभा राहून फक्त हातानं खुणा करत होतो, बोलत नव्हतो, कारण दोघांनी ओरडलं की चालवणारा गोंधळतो. दोनदा पुढं जाऊन सरळ केलं आणि गेटात गेला.

ट्रेलर परत द्यायच्या आधी तो गरम हब उघडला. आतलं ग्रीस काळं पडून सुकलेलं आणि ब्रेकचा शू पूर्ण परत येत नव्हता, थोडा घासत राहत होता. बेअरिंग धुऊन नवीन ग्रीस भरलं, शूची ॲडजस्टमेंट केली आणि मालकाला फोटो पाठवले. तिथंच टायरवरची तारीख पण बघितली, शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, उभे राहून उन्हात वाळतात, नक्षी पूर्ण असली तरी साईडवॉलला बारीक भेगा पडतात. दोन टायर बदलायला झालेत असं त्याला सांगितलं, त्यानं बदलले.

आता फियाटचं इंजिन काढलंय, बोअरमध्ये डिझेल घालून पिस्टन सोडवलेत, हेड मशीनिंगला गेलंय. पुढची पायरी पेंटिंगची, आणि पेंटर खानापूर रोडला मच्छेच्या पुढं. दाजी म्हणाले, लाल रेघेवर चाक लावतो आणि जातो. पण इंजिन नसलेल्या फियाटचं पुढचं वजन गेलं, तीच रेघ धरली तर हुकावर परत कमी पडणार, आणि गाडी पुढं घ्यायची म्हटलं तर ट्रेलरच्या पुढच्या पट्टीपर्यंत आता वीतभरच जागा उरलीय. इंजिन स्टँडसकट ट्रेलरच्या नाकाशी बांधून न्यायचं हा एक विचार आहे, पण हेड नसलेलं उघडं इंजिन रस्त्याच्या धुळीत कशाला न्यायचं असं वर्कशॉपवाला म्हणतोय आणि मला त्याचं पटतंय. वर्कशॉपच्या शेजारी फाउंड्रीत प्लॅटफॉर्म काटा आहे, ट्रेलर परत आणला की तिथं मोजू. एकूण वजनाच्या दहा टक्के भरले तर दाजी नेतील, नाही भरले तर एवढ्या अंतराला सरळ फ्लॅटबेड रिकव्हरी गाडी बोलवायची असं ठरलंय.